मिठावरचा भागाकार

म्हसळ्यातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाला दिवसाला किती मीठ लागत असेल? आणि सगळ्यात गरीब माणसाला?

घाई करू नका, थोडा विचार करा. श्रीमंत माणसाचं घर मोठं असतं, गाडी मोठी असते, टीव्ही भिंतभर असतो. पण त्याच्या शरीरात मूत्रपिंडं दोनच असतात, तुमच्या-माझ्यासारखी. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दोनशे ग्रॅम मीठ असतं. रक्तात असतं, घामात असतं, डोळ्यांतल्या पाण्यातही असतं. आत्ता तुम्ही ही ओळ वाचताय, ती डोळ्यांकडून मेंदूपर्यंत पोचतेय, त्या कामातही मिठातल्या सोडियमचा हात आहे. मज्जातंतूंमधून निरोप धावतात ते सोडियमचे कण पेशींच्या आतबाहेर झाल्यामुळे. घाम आला, लघवी झाली, की मीठ बाहेर जातं आणि तेवढं पुन्हा पोटात जावं लागतं.

म्हणजे पगार दहापट झाला म्हणून कुणी दहापट मीठ खात नाही. खाल्लंच तर डॉक्टरकडे जावं लागेल! जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. हा सल्ला सगळ्यांना एकच आहे, श्रीमंतांसाठी वेगळा आणि गरिबांसाठी वेगळा असा नाही. उलट भर उन्हात नांगरणी करणारा, होडी वल्हवणारा, डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या वाहणारा माणूस जास्त घाम गाळतो. त्याच्या शरीरातून मीठही जास्त जातं.

आता दुसरा प्रश्न. सरकारने मिठावर कर बसवला, सगळ्यांना एकाच दराने, तर तो कर सगळ्यांवर सारखा बसला म्हणायचा का?

हा प्रश्न आपल्या देशात खरोखरच विचारला गेला आणि ठणकावून विचारला गेला. विचारणारा माणूस आपल्या कोकणातलाच होता.

त्यांचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. जन्म ९ मे १८६६, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दर महिन्याला गोपाळला शिकायला पाठवत असे. पंधरातून आठ गेले की घरात किती उरतात, ही वजाबाकी त्या मुलाला कुणी फळ्यावर शिकवावी लागली नसणार. पुढे गोखले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी गणित शिकवलं आणि शाळेतल्या मुलांसाठी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं. म्हणजे तुमच्यासारख्या मुलांना भागाकाराची उदाहरणं घालणारा हा माणूस एके दिवशी थेट सरकारला गणित घालायला निघाला.

ते साल १९०२. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाची बैठक कलकत्त्यात भरली होती आणि अध्यक्षस्थानी होते खुद्द लॉर्ड कर्झन. सरकारच्या तिजोरीत खर्च भागून सात कोटी रुपये शिल्लक उरले होते आणि अर्थखात्याच्या साहेबांचं कौतुक चाललं होतं. २६ मार्चला गोखले उठले आणि म्हणाले की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. का? कारण त्याच्या आधीच्या वर्षांत देशाने भयंकर दुष्काळ सोसले होते आणि प्लेग तर अजून चालूच होता. लोकांच्या घरात दाणा नसताना तिजोरीत सात कोटी शिल्लक पडतात, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय. त्यांच्या हातात भाषणबाजी नव्हती, सरकारनेच छापलेले आकडे होते. असे आकडे खोदून काढायला त्यांना ग. व्यं. जोशी नावाचे एक शिक्षक मदत करत. एका मास्तरांनी आकडे शोधायचे आणि दुसऱ्या मास्तरांनी ते मांडायचे! मला ही जोडी फार आवडते.

गोखल्यांची एक मागणी होती की मिठावरचा कर कमी करा. तेव्हा तो मणाला अडीच रुपये होता, म्हणजे दोन रुपये आठ आणे. तो जुना मण आपल्या सदतीस किलोंहून जरासा जास्त. मीठ बनवायला किती खर्च येई? पेण-उरणकडची मिठागरं पाहिली असतील तर ठाऊक असेल. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, ओढून ढीग करायचा. समुद्र फुकट, ऊनही फुकट, खर्च फक्त मेहनतीचा. कर मात्र त्या खर्चाच्या कितीतरी पट.

चला, आता आपण तो हिशेब करून पाहू. वही घ्या.

समजा, पाच माणसांचं एक कुटुंब आहे. स्वयंपाक, लोणचं, थोडे खारवलेले मासे असं धरून वर्षाला अर्धा मण मीठ लागतं. म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम दहा ग्रॅम. अर्ध्या मणावर कर झाला एक रुपया चार आणे. तेव्हा एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्या हिशेबाने एक रुपया चार आणे म्हणजे बरोबर २४० पै.

या कुटुंबाची कमाई समजा महिन्याला पाच रुपये, वर्षाला साठ रुपये. त्या काळी मजुराच्या घरात एवढेच येत. आता २४० ला ६० ने भागा. उत्तर चार. मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे चार पै नुसत्या मिठापायी सरकारला गेल्या.

आता दुसरं कुटुंब घ्या. तेही पाच माणसांचं, पण कमाई महिन्याला पाचशे रुपये, वर्षाला सहा हजार. मीठ तेवढंच, कर तेवढाच, २४० पै. भागा सहा हजारांनी. प्रत्येक रुपयामागे एका पैचा पंचविसावा भाग! हवं तर त्यांच्याकडे पाहुणेरावळे जास्त येतात असं धरा आणि मीठ दुप्पट करा. तरीही गरीब घरावरचा भार श्रीमंत घराच्या पन्नासपट राहतो. कराचा दर दोघांना एकच होता, कुणीही कायदा मोडला नव्हता, कुणी कुणाला फसवलंही नव्हतं. नुसता भागाकार केला आणि अन्याय वहीत उमटला.

खरी गंमत तर पुढेच आहे. त्याच काळात मिळकतीवरचा करही होता. आपल्या देशात तो १८६० साली पहिल्यांदा आला आणि १८८६ च्या कायद्याने पक्का झाला. त्या कायद्यात लिहिलं होतं की ज्याची वर्षाची मिळकत पाचशे रुपयांपेक्षा कमी आहे त्याच्याकडून हा कर घ्यायचा नाही. का? तो गरीब आहे म्हणून. आणि पाचशेच्या वर, दोन हजारांपर्यंत मिळवणाऱ्यांनी रुपयामागे किती द्यायचे? चार पै.

दिसलं का? साठ रुपये मिळवणाऱ्या मजुराला सरकार एका कायद्याने सांगत होतं की तू गरीब आहेस, तुला कर माफ. आणि दुसऱ्या कायद्याने त्याच्या पानातल्या मिठातून तेवढ्याच चार पै काढून घेत होतं. कमाईचे आणि मिठाचे आकडे आपण समजा म्हणून धरलेत, पण कराचे दर खरे आहेत.

गोखल्यांचं म्हणणं वाया गेलं नाही. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. मिळकतकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांवर गेली, तीही गोखल्यांचीच मागणी होती. आणि कर उतरला तसा देशात मिठाचा खप वाढला. म्हणजे आधी लोक मीठ हात राखून वापरत होते! शरीराला लागणारी वस्तू, समुद्र घराशेजारी, आणि तरी चिमूट मोजून घालायची. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

मिठावरचा प्रत्येकच कर वाईट, असं मात्र समजू नका. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली होती. बारदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात. तिकडचं मीठ स्वस्त मिळे, त्यामुळे संगमेश्वरकडच्या मिठाला गिऱ्हाईक तुटत होतं. आपल्या मीठवाल्यांचं पोट चालावं म्हणून ती जकात होती. म्हणून कर दिसला की दोन गोष्टी विचाराव्यात. तो कुणावर पडतो, आणि तो कशासाठी आहे?

मिठाचा कर पुढे पुन्हा वाढला, कमी झाला, आणि १९३० साली त्याची गाठ गांधीजींशी पडली. दांडीला निघण्याआधी, २ मार्चला, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना एक लांब पत्र लिहिलं. त्यातही भागाकार आहे! व्हाइसरॉयचा पगार महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७००. आणि भारतातल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. एका रुपयात दोन आणे आठ वेळा बसतात, तेव्हा ७०० गुणिले ८ करा. ५,६०० आले ना? व्हाइसरॉय सामान्य भारतीयाच्या पाच हजारांहून जास्त पट पगार घेत होते. गांधीजी तिथेच थांबले नाहीत. त्यांनी इंग्लंडच्या पंतप्रधानांचाही हिशेब मांडला. त्यांना दिवसाला १८० रुपये आणि तिथल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला जवळपास दोन रुपये, म्हणजे नव्वदपट. एका देशात नव्वद, दुसऱ्या देशात पाच हजार. एवढा पगार द्यायचा तो कुणाच्या पैशातून? मीठ खाणाऱ्यांच्याच. पगार आणि मीठ या दोन गोष्टी गांधीजींनी एकाच पत्रात मांडल्या त्या उगाच नाही. पुढचं तुम्हाला पाठ आहेच. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचललं. कर जायला मात्र १९४७ उजाडलं.

तेव्हा म्हसळा इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हतं. ते होतं जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर कुलाबा जिल्ह्यात आलं. कुलाबा म्हणजे आजचं रायगड. या कुलाबा जिल्ह्यात आणखी एक दुखणं होतं, खोतीचं. बऱ्याच गावांत शेतसारा सरकार स्वतः गोळा करत नसे. खोत तो गोळा करून सरकारात भरी, आणि शेत कसणाऱ्या कुळाकडून मात्र त्याच्या कितीतरी जास्त धान्य घेई. मधला ढीग खोताच्या घरी. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली ठरवलं की हे आता बास, खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. शेतं ओसाड पडली, घरात भात नाही, लोकांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला, पण संप सहा वर्षं मोडला नाही. सहा वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल सातवीत जातं! हा संप चालू असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

आता आपल्या आजच्या बाजारात येऊ या. एसटी स्टँडवरून निघा आणि कुठल्याही किराणा दुकानात जा. मिठाची पिशवी घ्या. तिच्यावर वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी, शून्य. सुटा तांदूळ, भाजी, दूध, ताजे मासे, यांवरही शून्य. ज्या वस्तू श्रीमंत-गरीब सगळ्यांना लागतातच, त्यांच्यावर कर नको, हे गोखल्यांचं गणित या यादीत आजही दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या यादीत तुमच्याही वस्तू आल्या. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू आणि नकाशे. वहीवर आधी बारा टक्के होते.

बिस्किटाचा पुडा घेतलात तर मात्र तुम्ही कर भरलात! त्याच तारखेपासून बिस्किटांवर अठराऐवजी पाच टक्के झाले. पाच रुपयांच्या पुड्यातले साधारण चोवीस पैसे कराचे. बारा पैसे दिल्लीच्या सरकारचे, बारा पैसे महाराष्ट्राचे. दुकानदार तुम्हाला विचारत नाही की तुमच्या आईबाबांची कमाई किती. खाडीवर जाळं टाकणाऱ्याच्या मुलाचे चोवीस पैसे आणि बंगलेवाल्याच्या मुलीचेही चोवीस पैसेच.

इथे तुमच्यातलं कुणीतरी हात वर करेल. "पण श्रीमंत माणूस जास्त वस्तू घेतो. म्हणजे तो जास्त कर भरतोच की!"

शंका चांगली आहे, तेव्हा पुन्हा वही काढू. समजा, एका घरात महिन्याला बारा हजार येतात. ते सगळे खर्च होतात, उरत काहीच नाही. दुसऱ्या घरात दोन लाख येतात, त्यातले ऐंशी हजार खर्च होतात, बाकीचे शिल्लक टाकतात. खर्चावर सरासरी पाच टक्के जीएसटी धरू. पहिलं घर ६०० रुपये कर भरतं, दुसरं ४,०००. रुपये मोजले तर दुसऱ्या घराचे जास्त, बरोबर. आता भागा. ६०० भागिले १२,००० म्हणजे पाच टक्के. ४,००० भागिले दोन लाख म्हणजे दोन टक्के. ज्या घरात पुरत नाही तिथून शंभरातले पाच गेले, जिथे उरतं तिथून दोन. शिलकीवर जीएसटी लागत नाही, आणि शिल्लक तर एकाच घरात पडते.

म्हणून निव्वळ खरेदीवरच्या करावर देश चालवला तर तो मिठाच्या कराच्याच वाटेने जाईल. तो तोल सावरायला आयकर लागतो. आणि आयकर किती लागतो हे समजायला आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा.

शंभर माणसं पंगतीला बसलीत आणि तांदळाच्या शंभर भाकऱ्या आहेत. देशात वर्षभरात झालेली सगळी कमाई म्हणजे या भाकऱ्या. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२२-२३ या वर्षाचा अंदाज काढलाय. त्याप्रमाणे भाकऱ्या वाढू या. पहिल्याच माणसाच्या पानात साडेबावीसहून जास्त भाकऱ्या! त्याच्या शेजारच्या नऊ जणांत मिळून पस्तीस. पुढच्या चाळीस जणांत मिळून सत्तावीस. आणि उरलेली पन्नास माणसं, म्हणजे अर्धी पंगत, त्यांच्यात मिळून पंधरा. एका भाकरीत तीनपेक्षा जास्त माणसं. आता पंगतीच्या खर्चासाठी प्रत्येकाने अर्धी भाकरी परत द्यावी असं ठरलं, तर शेवटच्या ओळीतल्या माणसाकडे अर्धी भाकरी मुळात आहेच कुठे?

आयकर या पंगतीकडे बघून बेतलेला आहे. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर काहीच कर नाही. चार ते आठ लाख या टप्प्यातल्या पैशांवर पाच टक्के, आठ ते बारावर दहा, बारा ते सोळावर पंधरा, सोळा ते वीसवर वीस, वीस ते चोवीसवर पंचवीस आणि त्यापुढच्या पैशांवर तीस. शिवाय ज्याची वर्षाची सगळी कमाईच बारा लाखांच्या आत आहे, त्याला सूट मिळून कर शून्यावर येतो. मोठ्यांनाही पुष्कळदा वाटतं की कमाई वरच्या टप्प्यात गेली की सगळ्याच पैशांवर वरचा दर लागतो. तसं नसतं. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या पैशांना. वर्षाला चोवीस लाख मिळवणाऱ्याचा टप्प्याटप्प्याचा कर जमवा. वीस हजार, चाळीस हजार, साठ हजार, ऐंशी हजार, एक लाख. बेरीज तीन लाख. तीन भागिले चोवीस म्हणजे साडेबारा टक्के. (वर थोडा उपकर असतो, तो सध्या बाजूला ठेवू.) मघाचं बारा हजारांचं घर इथे शून्य भरतं. आता दोन्ही कर एकत्र पाहा. गरीब घर शंभरातले पाच देतं, श्रीमंत घर साडेचौदा. हे मला न्यायाला धरून वाटतं. त्याच्या पानात उरतातही पुष्कळ.

एक गोष्ट मात्र मला खटकते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. अर्ध्या एकरात भात लावणाऱ्याला तो नकोच. पण आंब्याच्या मोठमोठ्या बागांतून वर्षाला पन्नास लाख मिळवणाऱ्यालाही तो नाही, आणि तेवढाच पगार असलेल्या माणसाला भरपूर आहे. दोघांच्या पानातल्या भाकऱ्या सारख्याच असतील, तर त्यांनी सारख्याच द्यायला नकोत का? यावर मोठ्यांची मतं वेगवेगळी आहेत. तुम्ही घरात विचारून बघा, चर्चा रंगेल.

म्हसळ्यात तर पुष्कळ मुलांचे अब्बा, काका, मामा आखाती देशांत नोकरीला आहेत. तुमच्या घरात कुणी दुबईला असेल तर फोनवर विचारा. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. पण २०१८ पासून तिथेही खरेदीवर पाच टक्के मूल्यवर्धित कर आला. म्हणजे कंपनीच्या साहेबाचा पगार आणि बांधकामावरच्या मजुराचा पगार, दोन्हींवर शून्य, आणि दोघांनी खरेदी केली की दोघांना पाच टक्के. आपण मघाशी केलेला हिशेब तिथल्या दोघांसाठी तुम्हीच मांडा.

भागाकार नुकसानीचाही करता येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, ते तुमच्यातल्या थोड्या मोठ्या मुलांना आठवत असेल. वारा सगळ्यांच्या घरांवर सारखाच आदळला. पण स्लॅबचं घर उभं राहिलं आणि पत्र्याचं छप्पर उडालं. ज्याचं छप्पर उडालं, त्याच्या वर्षभराच्या कमाईतला केवढा तरी हिस्सा ते पुन्हा घालण्यात गेला. अशा वेळी सरकारी मदत येते, नळे-पत्रे-झाडांचे पंचनामे होतात, पैसे खात्यावर येतात. ते पैसे कराचेच. लांबच्या शहरात कुणीतरी भरलेला कर कोकणातल्या छपरावर पोचतो. सरकारी दवाखान्यातलं औषध, शाळेतली खिचडी, तुमचं पाठ्यपुस्तक, सगळं त्यातूनच येतं.

आणि आता तुमच्यासाठी एक कोडं ठेवलंय. घरात कुणी नोकरीला असेल तर त्यांच्या पगाराची चिठ्ठी मागा. त्यात व्यवसाय कर नावाची एक ओळ असेल, कुठे नुसतंच पी. टी. लिहिलेलं असेल. दर महिन्याला २०० रुपये. पण फेब्रुवारीची चिठ्ठी काढलीत तर तिथे ३०० दिसतील. फेब्रुवारी तर सगळ्यात लहान महिना! मग त्यातच जास्त का?

बेरीज करा. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, एकूण २,५००. आपल्या राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलंय की हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती मर्यादा बरोबर गाठायची म्हणून शेवटचे शंभर फेब्रुवारीत बसवलेत.

महाराष्ट्राने हा कर १९७५ साली सुरू केला, आणि त्यामागचं कारण अभिमान वाटावा असं आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसं कामासाठी वणवण फिरत होती. सांगलीकडच्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. त्याला पैसा हवा, म्हणून पगारदार आणि व्यापाऱ्यांकडून हा थोडा थोडा कर. शहरातल्या माणसाच्या पगारातले काही रुपये खेड्यातल्या मजुराच्या मजुरीत जाणार होते.

उद्देश इतका चांगला, पण आकार बघा. पुरुषाचा पगार महिन्याला दहा हजारांच्या वर गेला की वर्षाला २,५००. (स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे.) दुकानात बारा हजारांवर काम करणाऱ्या दादालाही २,५००, मुंबईत महिन्याला बारा लाख मिळवणाऱ्या साहेबालाही २,५००. दादाची वर्षाची कमाई १,४४,०००, तेव्हा भागाकार येतो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. साहेबाचा तुम्ही करा, शून्ये मोजायला विसरू नका.

ही मर्यादा पूर्वी २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठावी घटनादुरुस्ती झाली आणि ती २,५०० झाली. तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. ती बदलायची तर संसदेत दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि बारा लाखवाल्या साहेबाने दादाच्या कितीपट द्यावे याचा आकडा आधी कुणीतरी कागदावर मांडावा लागतो.